आईची पुढची सीट

२०२३ ची भाऊबीज. ताई दरवर्षीप्रमाणे पुण्याहून बीडला आली होती, सोबत भाचा. दुपारी फराळाचं ताट मांडीवर घेऊन तो ओसरीत बसला होता आणि समोर आमची गाडी उभी होती. चकलीचा तुकडा तोंडात टाकत तो म्हणाला, "मामा, हिचं रिकॉल निघालंय का कधी बघितलं का?"

मला वाटलं, सर्व्हिसिंगबद्दल विचारतोय. म्हटलं, ऑइल तर आत्ताच बदललं.

"ते नाही. कंपनीनं परत बोलावलंय का, काही भाग बदलायला?"

रिकॉल हा शब्द मी ऐकलेला होता. २०२० च्या जुलैत मारुतीने वॅगन-आर आणि बलेनो मिळून १ लाख ३४ हजार ८८५ गाड्या फ्युएल पंप तपासायला बोलावल्या होत्या, ती बातमी पेपरात आली होती. पण मी ती दुसऱ्या तालुक्यातल्या गारपिटीची बातमी वाचावी तशी वाचून पान उलटलं होतं. आपली गाडी दुसरीच, त्यात जुनी. आपल्याला कोण बोलावतंय?

आमची गाडी २०१२ सालची, पांढरी पेट्रोल सेडान. २०१८ मध्ये लातूरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याकडून घेतली, म्हणून बीडमध्ये राहूनही तिची पाटी एमएच २४ ची. घेताना मी दोन गोष्टी बघितल्या होत्या: पाणी शिरलेलं नाही आणि पुढे दोन एअरबॅग आहेत. २०१२ मध्ये एअरबॅग सक्तीची नव्हती. ड्रायव्हरच्या बाजूची सक्ती १ जुलै २०१९ पासून आली. त्यामुळे जुन्या गाडीत दोन-दोन एअरबॅग मिळतात याचं मला मोठं अप्रूप होतं आणि चार लोकांना मी ते सांगितलंही होतं.

भाच्याने कंपनीची साइट उघडली आणि चेसीस नंबर मागितला. आरसीचं कार्ड पाकिटात घासून घासून इतकं पुसट झालं होतं की शेवटचे आकडे दिसेनात. मग गाडीतच बघू म्हणून बाहेर आलो. ड्रायव्हरच्या शेजारची सीट मागे सरकवली, खालच्या मॅटचा कापलेला तुकडा उचलला आणि मोबाइलची बॅटरी लावून मी गुडघ्यांवर बसलो. पत्र्यावर ठोकलेली १७ अक्षरं होती, त्यांत सहा वर्षांची माती बसलेली. जुन्या टूथब्रशने घासून एकेक वाचायला लागलो. एका जागी गोल काहीतरी होतं. मी म्हटलं ओ, भाचा म्हणाला, "शून्यच असणार. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, घोळ होतो म्हणून." तरी दोनदा 'नंबर आढळला नाही' असंच आलं. तिसऱ्यांदा बी च्या जागी आठ टाकला आणि पान उघडलं.

तीन ओळी होत्या, तिन्हींपुढे 'बाकी'. ड्रायव्हर एअरबॅगचा इन्फ्लेटर, शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर आणि पॉवर विंडोचा मेन स्विच.

भाचा शिकलेला पोरगा, त्याने चकली खाली ठेवली. "मामा, पुढं कोण बसतं?"

पुढे आई बसते. गाडी घेतल्या दिवसापासून ती तिची जागा. मागे बसलं की तिला गाडी लागते, त्यात गुडघे धरलेले. मांडीवर पिशवी, पिशवीत अडकित्ता, आणि समोरच्या कप्प्याच्या झाकणावर टेकवलेला एक हात.

इन्फ्लेटर म्हणजे काय ते मला त्या रात्री कळलं. एअरबॅगची पिशवी वाऱ्याने नाही, स्फोटाने फुगते. पिशवीच्या मागे लोखंडाची एक डबी असते, तिच्यात दारूच्या वड्या. धडक बसली की वड्या पेटतात, त्यांचा गॅस होतो आणि सेकंदाच्या तिसाव्या भागात पिशवी भरते. आमच्या गाडीतल्या वड्या अमोनियम नायट्रेटच्या. आपल्याकडे विहिरीचा खडक फोडायला जे सुरुंग लावतात, त्यांतही मुख्य माल बऱ्याचदा हाच असतो, म्हणजे आमच्या भागात ही वस्तू काही परकी नाही. पण तिला ऊन आणि दमट हवा सोसत नाही. वर्षानुवर्षं तापणं-निवणं झालं आणि ओल लागली की वडी फुगते, भुसभुशीत होते, तिचा चुरा होतो. ढेकळापेक्षा भुकटी लवकर पेटते, हे चूल पेटवणाऱ्या कुणालाही सांगायला नको. गॅस हवा त्यापेक्षा फार वेगाने होतो, डबीला तो दाब झेपत नाही आणि डबीच फुटते. मग पिशवी फाडून लोखंडाचे तुकडे येतात ते थेट माणसाच्या गळ्यावर आणि तोंडावर. साधी, एरवी माणूस खरचटून सुटला असता अशी टक्कर असली तरी.

२००८ मध्ये चारेक हजार गाड्यांपासून सुरू झालेलं हे प्रकरण पुढे एकट्या अमेरिकेत ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरपर्यंत गेलं. तिथे माणसं मेली, मलेशियातही मेली. डब्या बनवणाऱ्या जपानी कंपनीने २०१७ च्या जूनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आणि त्यातल्याच, अकरा उन्हाळे तापलेल्या दोन डब्या आमच्या ओसरीसमोर उभ्या होत्या. मराठवाड्याची हवा कोरडी, त्यामुळे धोका समुद्रकाठापेक्षा कमी असेल, असं मी स्वतःला समजावून बघितलं. पण मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर हात टेकवून बघा. आमच्या पिंपळाच्या सावलीचा भरवसा सकाळी अकरापर्यंतच.

दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, आजपासून मागे बसायचं.

"कामून रे? म्या काय केलं?"

समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सहा वर्षं बसले तवा नाही फुटलं, आता फुटतंय व्हय?" मग मागे बसली, पण नाराजीनेच. मी समाधानाने गाडी सुरू केली तर बायको म्हणाली, "आईंना मागं बसवलं, ते बरं केलं. तुमच्या पुढ्यात काय आहे, बेसनाचा लाडू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिघांची काळजी करणाऱ्या माणसाच्या छातीसमोर बरोबर एका हातावर दुसरी डबी होती. त्या दिवसापासून मी शाळेला मोटारसायकलवर जायला लागलो. गाडी अगदी अडलं तरच काढायची.

कंपनीच्या हेल्पलाइनवरची बाई गोड बोलत होती, पण तिच्याकडे मालक म्हणून लातूरच्या साहेबांचंच नाव. गाडी आरटीओत माझ्या नावावर होऊन पाच वर्षं उलटून गेली, कंपनीच्या वहीत मात्र मी कुठेच नव्हतो. आरटीओची नोंद वेगळी आणि कंपनीची वेगळी, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मेल करून आरसीचा आणि आधारचा फोटो पाठवला, तेव्हा माझा नंबर चढला.

मग उत्सुकता म्हणून लातूरला फोन लावला. साहेबांना गाडी लगेच आठवली, तब्येतीची चौकशी झाली. पत्राचं विचारलं तर म्हणाले, "हो हो, दोन पत्रं आली होती की. एक गाडी दिल्यानंतरही आलं होतं. मला वाटलं सर्व्हिस कॅम्पची जाहिरात आहे. ती लोकं सारखीच पाठवतात." त्यांच्यावर मी काय रागावणार? पाकिटावर 'अत्यंत महत्त्वाचे' असं पतसंस्थेच्या सोडतीवरही लिहिलेलं असतं. पण दुसऱ्या हाताच्या गाडीचं दुखणं हेच आहे. पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं, गाडी तिसऱ्याच गावात फिरते, आणि चेसीस नंबर टाकून बघायचं कुणाला सुचलं नाही तर ती डबी गाडीसोबत भंगारातच जायची.

बीडमधलं या कंपनीचं शोरूम केव्हाच बंद पडलंय. जवळचं म्हणजे छत्रपती संभाजीनगर, इथून १३० किलोमीटर. तिथल्या एका वर्कशॉपला फोन केला. सर्व्हिस ॲडव्हायझरने गाडीचं साल विचारलं आणि म्हणाला, "सर, सात वर्षांच्या वर रिकॉल नसतं. सरकारचा नियम आहे." इतक्या ठामपणे म्हणाला की मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. शिक्षकाला नियम म्हटलं की अंगवळणी पडल्यासारखं गप्प बसायची सवय असते.

संध्याकाळी मात्र तो नियम शोधून वाचला. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०-अ हे कलम आलं आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं, १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड लावू शकतं. सात वर्षांची अट आहे ती या सक्तीच्या रिकॉलला. आमचं रिकॉल सरकारने लावलेलं नव्हतं, कंपनीने स्वतःहून जाहीर केलेलं होतं. त्याआधीही २०१२ पासून गाड्या बनवणाऱ्यांच्या संघटनेची स्वेच्छेने रिकॉल करायची संहिता होतीच. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर माझ्या नंबरापुढे 'बाकी' लिहिलेलं असताना ॲडव्हायझर 'नसतं' कसं म्हणतो?

पुन्हा हेल्पलाइन. या वेळी मी तिन्ही कॅम्पेनचे, म्हणजे त्या तीन रिकॉलचे, नंबर वाचून दाखवले आणि तक्रार नंबर मागून घेतला. त्याची जादू अशी की दुसऱ्या दिवशी त्याच ॲडव्हायझरचा फोन आला, "सर, पार्ट ऑर्डर केलेत. आले की कळवतो." वॉरंटी संपली, सर्व्हिसिंग बाहेर केलं, मालक बदलला, यातलं काहीही त्याने पुन्हा काढलं नाही. काढून उपयोगही नव्हता. हे काम नंबरावर मिळतं, माणसावर नाही.

पार्ट यायला सात आठवडे लागले. मधल्या काळात आमच्या गल्लीतल्या फिटरने तोडगा सुचवला, "फ्यूज काढून टाकतो सर. ना राहील बांस." हिंदी म्हण त्याला अर्धीच येते. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू? पण मग खरीच धडक झाली तर एअरबॅग उघडणारच नाही, आणि जोडीला आणखी एक भानगड निस्तरायची. नको म्हटलं.

जानेवारीच्या एका शनिवारी शाळेतून रजा काढून पहाटे सहाला निघालो, एकटाच. पाडळशिंगीचा टोलनाका, गेवराई, शहागडला गोदावरीच्या पुलावर इतकं धुकं की कठडाही दिसेना. मी सगळा वेळ ट्रकच्या मागे पन्नास-साठच्या वेगाने, सीट होईल तेवढी मागे सरकवलेली, हात लांब करून स्टिअरिंग धरलेलं. त्या डबीपासून चार इंच लांब बसून काय साधणार होतं कोण जाणे, पण बसलो. पाचोडला चहा घेतला.

वर्कशॉपमध्ये ॲडव्हायझरने टॅब्लेटवर बोट फिरवत फिरवत एक यादी केली. थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं काहीतरी, व्हील अलाइनमेंट, खालून कोटिंग. एकूण १४ हजार ६०० चा अंदाज. रिकॉल फुकट, पण फुकटच्या गिऱ्हाइकाला मोकळ्या हाताने सोडायचं नाही, असा तिथला रिवाज दिसला. मी म्हटलं, जॉबकार्डवर तीन कॅम्पेन लिहा, प्रत्येकापुढे रक्कम शून्य, बाकी काही नको. शेवटी वायपरचं एक पातं तेवढं घेतलं, कारण ते खरंच फाटलेलं होतं.

गिऱ्हाइकांना काचेच्या खोलीत बसवतात, कॉफी देतात. मी विचारलं, जवळ उभं राहू का? मेकॅनिक पैठणकडचा पंचविशीतला पोरगा होता. म्हणाला, "राहा, पण पिवळ्या वायरीला हात लावू नका." त्याने बॅटरीची काळी वायर सोडवली आणि मोबाइल बघत बसला. मला वाटलं टाइमपास चाललाय. त्याने माझं तोंड ओळखलं. "तीन मिनिटं थांबावं लागतं सर. बॅटरी काढली तरी आत करंट साठलेला राहतो. घाई केली तर तोंडावर उघडतंय."

मग स्टिअरिंगच्या मागच्या अंगाला दोन स्क्रू ढिले केले आणि ज्यावर सहा वर्षं मी हॉर्न वाजवत आलो ते गोल झाकण अख्खं हातात आलं. मागे घडी घातलेलं कापड, आणि मधोमध ती डबी. देवघरातल्या कुंकवाच्या करंड्याएवढी, चपटी, चार नटांनी बसवलेली. एवढीशीच. त्याने पिवळी क्लिप काढली, झाकण टेबलावर ठेवलं, तेही तोंड वर करून, चुकून उडालं तर वस्तू टेबलावरून उसळू नये म्हणून. नवी डबी बसवताना जुनीवरचा आणि नवीवरचा असे दोन्ही नंबर त्याने स्कॅन केले.

शेजारच्या बाजूला वेळ लागला. समोरचा कप्पा काढावा लागला. त्यात आईची सुपारीची पुडी, दोन वर्षांपूर्वीचं कपिलधारच्या यात्रेचं हँडबिल आणि हरवली म्हणून घरात गाजलेली चष्म्याची डबी निघाली. त्यामागून बाहेर आलेला इन्फ्लेटर लांबट, नळीसारखा. आईचा हात जिथे टेकलेला असायचा, त्याच्या बरोबर मागे.

मी जुनी डबी मागितली. घरी दाखवायला. पोरगा हसला, "ती देता येत नाही सर. मोजून परत पाठवायची असते." दोन्ही डब्या एका खोक्यात गेल्या, खोक्यावर स्फोटकाची खूण. चावी फिरवल्यावर मीटरमध्ये लाल माणसाचं चित्र लागलं, पाच-सहा सेकंदांनी विझलं. विझलं म्हणजे सगळं ठीक. ते चित्र रोज लागत असणार, माझं लक्ष पहिल्यांदाच गेलं.

तिसरी ओळ अडली. ड्रायव्हरच्या दारावरच्या मेन स्विचमध्ये उघड्या काचेतून पावसाचं पाणी गेलं तर शॉर्ट होऊन तो जळू शकतो, म्हणून ते कॅम्पेन. आमचा तर २०२१ च्या पावसाळ्यात जळलाच होता. करपल्याचा वास आला, काच अर्ध्यावर अडकली आणि बीडच्या इलेक्ट्रिशियनने भंगारातल्या गाडीचा स्विच ९०० रुपयांत बसवून दिला. ॲडव्हायझर म्हणाला, "हा पार्ट या गाडीचा नाही. ओरिजिनल असता तर बदलला असता." म्हणजे जो जळेल म्हणून बदलायचा, तो जळाल्यामुळे बदलता येत नाही. मी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, जुना आणून दिला तर? तो म्हणाला, फोटो पाठवून विचारतो.

बीडला आल्यावर इलेक्ट्रिशियनकडे गेलो. आमच्याकडे कुणी काही फेकत नाही. त्याने पामतेलाचा डबा जमिनीवर पालथा केला, रिले, बल्ब, हॉर्न यांच्या ढिगातून कोपरा काळा पडलेला स्विच उचलला आणि फुंकर मारून हातात दिला. तो मार्चमध्ये दुसऱ्या फेरीला घेऊन गेलो. चाळीस मिनिटांत काम झालं. दोन फेऱ्यांचं पेट्रोल, टोल आणि एक वायपरचं पातं, एवढाच काय तो खर्च.

चार दिवसांनी साइटवर तिन्ही ओळींपुढे 'पूर्ण' आलं. त्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला आणि लातूरच्या साहेबांनाही. त्यांनी उत्तरात त्यांच्या नव्या गाडीच्या आरसीचा फोटो पाठवला. त्यांची गाडी स्वच्छ निघाली. आमच्या शाळेच्या क्लार्कची मात्र नाही. पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसून त्याचा नंबर मीच वाचला, टूथब्रश आता दप्तरात असतो. तो त्याच्या गाडीचा तिसरा मालक, आणि पार्टची वाट बघतोय.

त्या रविवारी अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो. मी पुढचं दार उघडून आईला म्हटलं, बस, आता काही भीती नाही. तिने आत डोकावून बघितलं, पिशवी सावरली आणि मागचं दार उघडलं.

"राहू दे. मागं पाय पसरता येतेत."

"आणि गाडी लागली तर?"

"हळू चालव की मग. मागच्या म्हयन्यात चालवीत होतास तशी."